मराठी माध्यमातून शिकलात? इंग्रजी बोलायला इथून सुरुवात करा

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्याआधीच्या मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. म्हणजे दहावी-बारावी झालेल्या माणसाला इंग्रजी अजिबात येत नाही असं सहसा नसतं. मेसेज कळतात, फॉर्म भरता येतो, पेपरातली बातमी निम्म्याहून अधिक समजते. अडतं ते तोंड उघडायची वेळ आली की. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपल्याला उत्तर माहीत असतं, पण वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

मीही मराठी माध्यमातलाच. तालुक्याच्या गावी शिकून नोकरीसाठी पुण्यात आलो आणि हे सगळं अनुभवलं. त्यातून हाती लागलेली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. आपल्या इंग्रजीतल्या चुका शेकड्यांनी नसतात. त्याच दहा-बारा चुका आपण पुन्हा पुन्हा करतो आणि त्यातल्या बहुतेक मराठीच्या वळणातून आलेल्या असतात. त्यामुळे व्याकरणाचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी आपल्या चुका शोधा, त्या एकेक करून काढा आणि हे सगळं रोज मोठ्याने बोलत करा.

या लेखात इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत. वाचायला ते सोपं जातं, पण काही उच्चार देवनागरीत नीट उतरत नाहीत. त्याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर बोलू.

लागणारं साहित्य

- एक शंभर पानी वही. पुढून चुका लिहायच्या, मागून शब्द.
- फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर आणि साधे इयरफोन.
- लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांच्याही वेबसाइटवर ती फुकट बघता येते. अर्थ सोप्या इंग्रजीत असतो, खाली उदाहरणं असतात आणि स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो. इंग्रजी-मराठी शब्दकोशही जवळ असू द्या. झाडं, आजार, अवजारं यांच्या नावांसाठी तोच बरा.
- व्याकरणाचं एकच पुस्तक, ज्यात स्वाध्याय आणि मागे उत्तरं आहेत. चार पुस्तकं आणली की चारही अर्धवट राहतात.
- ऐकण्यासाठी एक ठरलेली जागा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मला सगळ्यात उपयोगी पडला. छोटा असतो आणि बोललेलं लेखीही मिळतं. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ या साइटवरही पातळीनुसार ऐकण्याचे धडे आहेत.
- सरावाला एक माणूस. मित्र, बहीण, रूममेट, कुणीही चालेल. त्याचं इंग्रजी तुमच्याएवढंच असलं तरी हरकत नाही.

१. एक मिनिट बोला, रेकॉर्ड करा, जसंच्या तसं लिहून काढा

“मी काल काय केलं” या विषयावर तयारी न करता एक मिनिट इंग्रजीत बोला आणि रेकॉर्ड करा. मग इयरफोन लावून जे बोललात ते चुकांसकट वहीत उतरवा. अडखळलात तिथे रेघ मारा. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, तरी ही पायरी गाळू नका. बोलताना चुका कानाला जाणवत नाहीत, कागदावर आल्या की दिसतात.

मराठी माणसाच्या एका मिनिटात साधारण असं काहीतरी सापडतं:

“यस्टरडे आय हॅड गॉन टू मार्केट. देअर आय मेट माय फ्रेंड. ही टोल्ड टू मी दॅट ही इज हॅविंग इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय आस्क्ड हिम व्हेअर इज द ऑफिस. ही सेड, इन हिंजवडी ओन्ली.”

सांगायचं ते पोचलं, समोरच्याला कळलंही. आता हेच सरळ केलेलं बघा:

“यस्टरडे आय वेन्ट टू द मार्केट. आय मेट अ फ्रेंड देअर. ही टोल्ड मी ही हॅड ॲन इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय आस्क्ड हिम व्हेअर द ऑफिस वॉज. ही सेड इट वॉज इन हिंजवडी.”

पाच वाक्यांत सात ठिकाणी बदल करावा लागला. पण प्रकार बघितले तर पाचच आहेत: काळ, ‘अ-ॲन-द’, ‘टोल्ड’नंतर आलेला फालतू ‘टू’, प्रश्नातला शब्दक्रम आणि ‘च’साठी वापरलेलं ‘ओन्ली’. या पाचही चुका मराठीतून आल्या आहेत. तुमच्याही वहीत अशीच पाच-सहा नावं जमतील. तीच तुमची पुढच्या दोन-तीन महिन्यांची अभ्यासाची यादी.

पातळीचा अंदाज हवा असेल तर युरोपियन पद्धतीच्या सहा पातळ्या माहीत असू द्या. ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. कौन्सिल ऑफ युरोपने ही मोजपट्टी २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आता बहुतेक साइट आणि क्लास तीच वापरतात. रोजचे व्यवहार मोडक्यातोडक्या वाक्यांत निभावत असतील तर तुम्ही ए टूच्या आसपास आहात. ऑफिसात न घाबरता बोलायचं तर बी टू गाठायचं. ऐकण्याचे धडे निवडताना आपली पातळी किंवा तिच्या वरची एकच पातळी घ्या.

२. मराठी वळणाच्या चुका एकेक करून काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एका आठवड्याला एकच चूक घ्या. त्या आठवड्यात बाकीच्या चुका झाल्या तरी होऊ द्यात.

*“गेलो होतो” म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे.* मराठीत आपण “काल मी पुण्याला गेलो होतो” असं सहज म्हणतो. नुसतं “गेलो” म्हटलं तर उलट तुटक वाटतं. तेच वळण इंग्रजीत येतं आणि प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ घुसतो. इंग्रजीत झालेल्या गोष्टीला साधा भूतकाळ पुरतो: “आय वेन्ट टू पुणे.” भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कुठली घडली हे दाखवायचं असेल तेव्हाच ‘हॅड’ आणा. “मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती”, इथे तो शोभतो: “व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.”

*“पाच वर्षांपासून राहतोय.”* मराठीत हा वर्तमानकाळ आहे, म्हणून तोंडातून “आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स” येतं. इंग्रजीत तेव्हापासून आतापर्यंत चालू असलेल्या गोष्टीला वेगळं रूप लागतं: “आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.” ‘पासून’चे इंग्रजीत दोन भाग होतात. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’. फॉर फाइव्ह इयर्स, सिन्स २०२०. फॉर टू अवर्स, सिन्स धिस मॉर्निंग.

*“मला” ने सुरू होणारी वाक्यं.* मला भूक लागली, मला आवडतं, मला कळलं, मला दोन बहिणी आहेत. मराठीत ‘मला’, पण इंग्रजीत सगळीकडे ‘आय’: आय ॲम हंग्री, आय लाइक इट, आय अंडरस्टूड, आय हॅव टू सिस्टर्स. या क्रियापदांना सहसा ‘इंग’ लावत नाहीत. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’, ‘आय ॲम लाइकिंग’ ही तिन्ही रूपं वहीत लिहून त्यांवर फुली मारा. असणं, माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं यांना साधा वर्तमानकाळ.

*प्रश्नाचा क्रम.* “तू कुठे चाललास?” याचे शब्द मराठीत कसेही फिरवले तरी चालतात, कारण प्रश्न ‘कुठे’मुळे कळतो. इंग्रजीत क्रम बदलावाच लागतो: “व्हेअर आर यू गोइंग?” “व्हेअर यू आर गोइंग?” हा प्रश्न झाला नाही. गंमत अशी की प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: “आय डोन्ट नो व्हेअर ही इज.” या दोन्हींचा सराव जोडीने करा. एक सरळ प्रश्न विचारा आणि लगेच तोच “कॅन यू टेल मी” लावून विचारा. “व्हेअर इज द बँक?” आणि “कॅन यू टेल मी व्हेअर द बँक इज?”

*‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात.* “आय डिड नॉट वेन्ट” ही चूक अनेक पदवीधरही करतात. भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, तो दुसऱ्यांदा दाखवायचा नाही: “आय डिडन्ट गो.” ‘डज’चंही तसंच: “डज ही वर्क हिअर?”, ‘वर्क्स’ नाही. उलट साध्या वाक्यात ही-शी-इटनंतरचा ‘स’ विसरू नका: “ही वर्क्स हिअर.”

*अ, ॲन, द.* मराठीत यांच्या जोडीचं काही नाही, म्हणून हे सगळ्यात उशिरा जमतं. नियमांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. सुरुवातीला एवढंच धरा: एखादी मोजता येणारी वस्तू पहिल्यांदा सांगताय तर ‘अ’ किंवा ‘ॲन’, ऐकणाऱ्याला कुठली ते माहीत आहे तर ‘द’. “आय बॉट अ बाइक. द बाइक इज इन द पार्किंग लॉट.” ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरतं, म्हणून ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी. बाकीचं वाचून वाचून अंगवळणी पडेल.

*‘ला’, ‘शी’, ‘बद्दल’.* “त्याला सांग” मधल्या ‘ला’मुळे “टेल टू हिम” होतं. ‘टेल’ला ‘टू’ लागत नाही, ‘से’ला लागतो: टेल हिम, से टू हिम. ‘एक्सप्लेन’चं उलटं, त्याला लागतो: “एक्सप्लेन इट टू मी”. ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस अबाउट’ येतं, तिथे ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ पुरे. “तिच्याशी लग्न केलं” म्हणून ‘मॅरीड विथ हर’ म्हणू नका, नुसतं ‘मॅरीड हर’ म्हणा. हे शब्द जोडीनेच पाठ करावे लागतात, त्याला नियम नाही.

*‘च’ आणि द्विरुक्ती.* “इथेच आहे” म्हणून “हिअर ओन्ली”, “छोट्या छोट्या गोष्टी” म्हणून “स्मॉल स्मॉल थिंग्ज”. इंग्रजीत ‘च’चं काम बहुतेक वेळा आवाजाच्या जोराने होतं. द्विरुक्ती करायची नाही.

*आदरार्थी ‘ते’.* “बाबा आले, ते म्हणाले” असं बोलण्याची सवय असल्याने वडिलांसाठी, सरांसाठी चटकन ‘दे’ येतं. इंग्रजीत एका व्यक्तीला ‘ही’ म्हणण्यात अनादर नाही. आदर कुठे दाखवायचा ते सातव्या पायरीत आहे.

३. सगळे काळ एकदम नको

बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावून कुणी बोलायला शिकल्याचं मी पाहिलेलं नाही. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत आणि ‘विल’ किंवा ‘गोइंग टू’चा भविष्यकाळ, या चारांवर रोजचं बहुतेक बोलणं चालतं. ते तोंडात बसले की ‘हॅव’चा पूर्ण वर्तमानकाळ घ्या. बाकीचे वाचताना ओळखता आले तरी सध्या पुरे. अनियमित भूतकाळी रूपं मात्र घोकावीच लागतात. रोज पाच घ्या आणि प्रत्येकाचं स्वतःच्या दिवसावर वाक्य करा.

४. शब्द सुटा लिहू नका

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी यादी बहुतेक जण करतात. असे शब्द परीक्षेपुरते राहतात, बोलताना येत नाहीत, कारण त्यांच्या आजूबाजूला काय येतं तेच माहीत नसतं. ‘डिसिजन’ एवढंच लिहू नका, ‘मेक अ डिसिजन’ लिहा. मराठीत निर्णय ‘घेतात’, म्हणून ‘टेक’ सुचतं, ते फार चुकीचं नाही, पण ‘मेक’ जास्त रुळलेलं आहे. परीक्षा आपण ‘देतो’, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. चहा ‘घेतो’, तिथे ‘हॅव’. आपल्या ‘करणे’ला तर इंग्रजीत अनेक रूपं आहेत: चूक करणे ‘मेक अ मिस्टेक’, गृहपाठ करणे ‘डू होमवर्क’, आंघोळ करणे ‘हॅव अ बाथ’, प्रयत्न करणे ‘मेक ॲन एफर्ट’. प्रत्येक नोंदीत शब्दांची जोडी आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य, एवढं हवंच.

कुठले शब्द आधी? मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध केली. तिचा नवा अवतार, ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’, २०१३ मध्ये आला. त्यात सुमारे २,८०० शब्द आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. ती उघडून माहीत असलेल्या शब्दांवर खूण करत जा. निम्म्याहून जास्त ओळखीचे निघतील आणि धीर येईल. उरलेले आधी शिका. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातले अवघड शब्द गोळा करण्याचा नाद या यादीनंतर.

पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. म्हणून आज लिहिलेले शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा बघा. हा हिशेब ‘अँकी’ नावाचं ॲप आपोआप ठेवतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. रोज सात-आठ नवे शब्द पुष्कळ झाले.

एक सापळा खास आपल्यासाठी. मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द इंग्रजीत त्याच अर्थाने चालतीलच असं नाही. आपलं ‘हॉटेल’ जेवायचं असतं, इंग्रजीत ते मुक्कामाचं, जेवायचं ते ‘रेस्टॉरंट’. “लाइट गेली” याला “द पॉवर इज आउट” म्हणा. “मी २०१९ ला पास आउट झालो” हे भारताबाहेरच्या माणसाला “मी बेशुद्ध पडलो” असं ऐकू येईल, तिथे “आय ग्रॅज्युएटेड इन २०१९” म्हणा. “आउट ऑफ स्टेशन” ऐवजी “आउट ऑफ टाउन”. ‘गाडी’ म्हणताना तर थांबून ठरवा, बाइक, कार की ट्रेन.

५. उच्चार: कशावर मेहनत घ्यायची, कशावर नाही

ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंग आणायचा प्रयत्न करू नका. मराठी माणसाचा मराठी ढंग असणारच आणि त्यात कमीपणा काही नाही. आपलं बोलणं समोरच्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे, इतकंच.

पहिली अडचण देवनागरीनेच केलेली आहे. परीक्षा म्हणजे ‘टेस्ट’ आणि चव म्हणजेही ‘टेस्ट’, आपण दोन्ही एकसारखंच लिहितो आणि बोलतो. ‘पेन’ (लिहायचं आणि दुखणं), ‘गेट’ (फाटक आणि मिळणं), ‘लेट’ (उशीर आणि ‘करू दे’), या सगळ्या जोड्यांत हाच घोळ आहे. परीक्षेतला ‘ए’ आखूड आहे. चवीतला ‘ए’ लांब आहे आणि शेवटी किंचित ‘इ’कडे वळतो. डिक्शनरीच्या साइटवर हे दोन शब्द लागोपाठ ऐका, मग रेकॉर्ड करून आपले ऐका. तसंच जहाज म्हणजे ‘शिप’ आणि मेंढी म्हणजे ‘शीप’. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना तो भेद पुसट होतो.

दुसरी अडचण ‘व’ची. ‘व्हॅन’, ‘व्हेरी’ यांत वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वॉटर’, ‘वाइफ’ यांत दात लागतच नाहीत, ओठांचा चंबू होतो. इथे आपलं लेखनही फसवतं: ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ आपण ‘व्ह’ने लिहितो, पण उच्चार चंबूवालाच आहे. आरशासमोर उभं राहून “व्हेरी वेल” म्हणा. पहिल्या शब्दाला दात दिसले पाहिजेत, दुसऱ्याला नाही.

तिसरी गोष्ट भूतकाळी ‘एड’ची. ‘वॉचेड’, ‘हेल्पेड’ असं म्हणू नका. शब्दाच्या शेवटी प, क, स, श, च, फ असा आवाज असेल तर ‘ट’ ऐकू येतो: हेल्प्ट, वॉच्ट. ट किंवा ड असेल तर ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. बाकी सगळीकडे नुसता ‘ड’: प्लेड, कॉल्ड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आघात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत एकच अक्षर जोरात येतं, बाकीची गिळली जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर आहे, ‘फटॉग्रफी’मध्ये ‘टॉ’वर. ‘होटेल’चा जोर ‘टेल’वर, ‘डिव्हेलप’चा ‘व्हे’वर. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द प्रत्यक्षात ‘कम्फ्टबल’ एवढाच ऐकू येतो. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारत चला. ‘थ’च्या बारकाव्यांत मात्र वेळ घालवू नका. आपला मराठी ‘थ’ सहसा सगळ्यांना समजतो.

सरावासाठी सिक्स मिनिट इंग्लिशचा एक भाग आठवडाभर पुरवा. आधी न वाचता ऐका. मग मजकूर समोर ठेवून ऐका. मग एकेक वाक्य थांबवून त्यामागून म्हणा. शेवटचे दोन दिवस आवाजाबरोबरच बोला, त्यांच्या वेगाने, त्यांच्या चढउतारांसकट. नवा भाग रोज ऐकण्यापेक्षा हे जास्त कामी येतं.

६. रोज तोंडाने बोला

“इंग्रजीत विचार करा” असा सल्ला सगळे देतात. सुरुवातीला ते जमत नाही आणि जमत नाही म्हणून वाईटही वाटून घेऊ नका. मराठीतून भाषांतर होणारच. फक्त ते शब्दाशब्दाने करू नका, अख्ख्या वाक्याचा आशय उचला. तयार वाक्यं तोंडात जमली की मधलं भाषांतर आपोआप कमी होतं.

एकट्याने करायचा माझा आवडता सराव म्हणजे घरातल्या वस्तूचं नाव न घेता वर्णन करणं. विळी घ्या. तिला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, असं सांगा: “इट्स अ कर्व्ह्ड ब्लेड फिक्स्ट टू अ वुडन बोर्ड. यू सिट ऑन द फ्लोअर, होल्ड द बोर्ड डाउन विथ युअर फूट, अँड कट व्हेजिटेबल्स ऑन इट.” मग परात, किसणी, उंबरठा, कडी-कोयंडा. शब्द अडला तरी बोलणं थांबू नये, ही सवय यातून लागते. प्रत्यक्ष संभाषणात तीच तुम्हाला तारून नेते.

दुसरा सराव वाचनाचा. सकाळी मराठी पेपरात वाचलेली एखादी बातमी त्याच दिवशी इंग्रजी पेपरात मोठ्याने वाचा. घटना माहीत असल्याने शब्दकोश कमी लागतो. वाचून झालं की पेपर बाजूला ठेवून तीच बातमी चार वाक्यांत सांगा.

जोडीदाराबरोबर बोलताना एक नियम पाळा: मधे कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही. एक जण दहा मिनिटं बोलेल, दुसरा तीन चुका टिपून ठेवेल आणि शेवटी सांगेल. तीनच. जास्त सांगितल्या की दुसऱ्या दिवशी माणूस यायचा बंद होतो.

घरच्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल किंवा जोडीदार नसेल तर एआय चॅटबॉटशी बोलून सराव करता येतो. “माझ्या चुका शेवटी यादी करून सांग” असं त्याला आधीच सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. यंत्र घाई करत नाही, मधे तोडत नाही, भुवया उंचावत नाही. माणसं हे सगळं करतात आणि सवय त्याचीच लागायला हवी.

धीर आला की टोस्टमास्टर्सच्या क्लबमध्ये पाहुणा म्हणून जाऊन बसा. १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था, मुंबई-पुण्यात तिचे अनेक क्लब आहेत आणि ऑनलाइन भरणारेही आहेत. तिथे ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा भाग असतो. आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. कुणीतरी तुमचे ‘अ… अं…’ मोजतं, कुणीतरी भाषेकडे लक्ष ठेवतं, आणि टीका आपुलकीने होते. तिथे येणारे बरेच जण याच अडचणीतून आलेले असतात.

वेळेचं म्हणाल तर रोज चाळीस मिनिटं काढा: दहा ऐकणं, दहा त्यामागून म्हणणं, दहा मोकळं बोलणं, दहा वही. रविवारी तीन तास बसण्याने हे भरून निघत नाही.

७. इंग्रजीतला ‘तुम्ही’

मराठीत अदब क्रियापदात असते. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून आपण “सर, साइन करा ना” याचं “सर, यू साइन हिअर” करतो, आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. तिथे अदब वाक्याच्या रचनेत येते: “कुड यू प्लीज साइन हिअर?”, “वुड यू माइंड चेकिंग धिस?” “जरा काम होतं” याला “डू यू हॅव अ मिनिट?” “नाही जमणार” याला “आय ॲम अफ्रेड आय कान्ट.” ऐकू आलं नाही तर नुसतं “व्हॉट?” म्हणू नका, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” म्हणा. विचार करायला वेळ हवा असेल तर “लेट मी थिंक” म्हणून खुशाल दोन सेकंद थांबा.

मुलाखतीत “मायसेल्फ अमुक अमुक” अशी सुरुवात हमखास ऐकू येते. “आय ॲम” किंवा “माय नेम इज” म्हणा. स्वतःची ओळख शब्द न शब्द पाठ करू नका, मधेच एखादा प्रश्न आला की पाठांतर तुटतं आणि पुढचं काहीच आठवत नाही. चार मुद्दे कागदावर काढा आणि दर वेळी वेगळ्या वाक्यांत सांगून बघा. ईमेलमध्ये ‘डू द नीडफुल’ टाळा, नेमकं काय हवंय ते लिहा. “उत्तर द्या” यासाठी ‘रिव्हर्ट’ऐवजी ‘रिप्लाय’ वापरा.

८. क्लास लावायचा असेल तर

क्लासशिवायही हे सगळं होतं. पण काहींना बाहेरची शिस्त लागते, त्यात गैर काही नाही. “तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी” अशा पाटीवर मात्र भुलू नका. ए टूवरून बी टूपर्यंत जायला महिने लागतात, नोकरी सांभाळून वर्षाच्या वरही. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर इंग्रजीचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. आधी तिथे डोकावा, म्हणजे कशाला पैसे मोजायचे ते कळेल.

फी भरण्याआधी एक तास बसून बघायची परवानगी मागा आणि घड्याळ लावून मोजा, त्या तासात प्रत्येक विद्यार्थी किती मिनिटं बोलला. शिक्षकच पाऊण तास बोलत असतील तर तो व्याकरणाचा तास आहे, बोलण्याचा नाही. बॅचमध्ये किती जण आहेत ते विचारा, दहा-बाराच्या वर नकोत. शिक्षक तुमचं बोलणं रेकॉर्ड करून चुका लेखी देतात का, हेही विचारा. पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा. बॅच मधेच सोडली तर पैसे परत मिळतात का आणि किती, हे पावतीवर लिहून घ्या.